दहा रुपयांत रस्त्याची फाईल : माहिती अधिकाराच्या सेवेबद्दल एका सातारकराचा अभिप्राय

सरकारी कार्यालयाच्या सेवेला उपाहारगृहासारखे गुण देण्याची आपल्याकडे पद्धत नाही. पण ज्या सेवेसाठी शुल्क आकारले जाते, जिला कायद्याने मुदत घालून दिली आहे आणि ती न पाळल्यास अपिलाची सोय आहे, तिच्याबद्दल अभिप्राय लिहिण्यास हरकत नसावी. साताऱ्यात आमच्या भागातील एका रस्त्याचे काँक्रिटीकरण आणि त्याच्या कडेचे बंदिस्त गटार हे काम मुदत उलटून गेली तरी अर्धवट पडले होते. मंजूर रक्कम वाढल्याचे कानावर येत होते, कामाच्या फलकावर ‘काम पूर्ण करण्याचा दिनांक’ या शब्दांपुढची जागा रिकामीच होती, आणि चहाच्या टपरीवर सगळे खापर ठेकेदाराच्या माथी फुटत होते. म्हणून माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली त्या कामाची फाईल पाहण्यासाठी अर्ज केला.

शुल्काबाबत तक्रारीला जागाच नाही. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही. छायांकित प्रतीला पानामागे दोन रुपये पडतात आणि कागदपत्रे समक्ष पाहायची असतील तर पहिल्या तासाला काहीच आकारणी नाही. राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून अर्ज करण्याचीही सोय आहे. त्रासदायक वाटली ती महाराष्ट्राच्या नियमांतील अट : अर्ज एकाच विषयाचा हवा आणि तो साधारण दीडशे शब्दांत बसला पाहिजे. ज्या कामाच्या नुसत्या नावालाच तीन ओळी लागतात, त्याच्याबद्दल दीडशे शब्दांत नेमके मागायचे तर कोणत्या कागदाला काय म्हणतात हे आधी ठाऊक असावे लागते, आणि सामान्य माणसाची गाडी अडते ती इथेच. ‘रस्त्याला उशीर का झाला?’ असा प्रश्न विचारला तर ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देय नाही’ असे एका ओळीचे उत्तर येऊ शकते; तोच माणूस ‘मुदतवाढीचे प्रस्ताव व त्यावरील आदेश’ मागतो तेव्हा त्याला कागद द्यावे लागतात.

रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, नगरपालिकेच्या, बांधकाम खात्याच्या की आणखी कोणाच्या, हे रस्त्यावरून चालणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. सुदैवाने चुकीच्या दारात गेलेला अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे हस्तांतरित करण्याचे बंधन कलम ६(३) मध्ये आहे. तीस दिवसांची मुदत संपता संपता पत्र आले : माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने कार्यालयीन वेळेत येऊन अभिलेखांचे अवलोकन करावे. अनेकांना हे टाळाटाळीचे उत्तर वाटते. माझ्या मते एवढे उपयोगी उत्तर दुसरे नाही, कारण सुट्या प्रती मागवल्या की निवडलेली पाने मिळतात आणि अवलोकनात पानांच्या मधली पानेही दिसतात. कार्यालयात गेल्यावर लिपिकाने ‘काका, साहेब मिटिंगला गेलेत, तोवर बसा’ म्हणून खुर्ची दिली आणि दोरीने बांधलेली फाईल पुढे ठेवली. वागणुकीला पूर्ण गुण.

फाईल वाचण्याची एक रीत आहे. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, चालू देयके (काम होईल तशी ठेकेदाराला द्यायची बिले) आणि मुदतवाढ या क्रमाने कागद लावले आणि प्रत्येकावरचा दिनांक वहीत उतरवून घेतला, की काम कुठे थांबले ते कोणालाही न विचारता समजते. आमच्या कामात खोदाई सुरू झाली आणि जमिनीखाली पिण्याच्या पाण्याची जुनी नळवाहिनी लागली. ती तिथे आहे हे गल्लीतल्या प्रत्येक घराला माहीत होते. अंदाजपत्रकात मात्र ती हलवण्यासाठी एक ओळही नव्हती. मग पाणीपुरवठ्याकडे पत्र, त्याला उत्तर नाही, म्हणून स्मरणपत्र, पुन्हा स्मरणपत्र, आणि अखेरीस ‘स्थलांतराच्या खर्चाची रक्कम प्रथम भरणा करावी’ असे उत्तर. भरणा कशातून करायचा, तर मूळ मंजुरीत तरतूद नाही, म्हणून सुधारित अंदाजपत्रक; ते वर गेले, त्रुटी काढून परत आले, पुन्हा वर गेले, आणि मध्ये पावसाळा लागला. रस्ता खणलेल्या अवस्थेत पडून होता तो या पत्रांच्या प्रवासात. ठेकेदाराने मुदतवाढ मागितली तेव्हा टिपणीवर शेरा पडला : ‘सदर विलंबास मक्तेदार जबाबदार नसल्याने दंड न आकारता मुदतवाढ देण्यास हरकत नाही.’ ठेकेदाराशी होणाऱ्या बी-१ नमुन्याच्या करारात दुसरे कलम विलंबाच्या भरपाईचे असते, ते या एका शेऱ्याने निष्प्रभ झाले. आणि नव्याने वाढलेल्या जादा बाबींना चालू दरसूचीचा, म्हणजे शासकीय दरांच्या यादीचा, दर लागला, तो अर्थातच जुन्या दरापेक्षा चढा. खर्च वाढला तो असा, कोणी पैसे खाल्ल्याचा पुरावा न ठेवता.

ठेकेदार धुतल्या तांदळासारखा आहे असे मात्र फाईल म्हणत नाही. पहिल्या चालू देयकाच्या मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापे नोंदवण्याच्या वहीत, गटाराची खोली सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच लिहिलेली आहे. अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावरून खाली येणारा हा रस्ता, त्यावर घरासमोर उभे राहिले तरी गटार कुठे गुडघ्याइतके आणि कुठे कमरेइतके खोल आहे हे दिसते. पुस्तिकेत सेंटिमीटरचाही फरक नाही. मोजमाप घेणाऱ्याची, तपासणाऱ्याची सही जिथल्या तिथे.

सातारा-सांगलीच्या वाचकाला हे प्रकरण परिचयाचे वाटेल, कारण मोठ्या कामांतही हाच प्रकार मोठ्या आकड्यांत दिसतो. टेंभू उपसा सिंचन योजनेचा १९९६ सालचा मूळ खर्च सुमारे १४१६ कोटी रुपये होता, तिसऱ्या सुधारित मान्यतेत तो ७३७० कोटींवर गेला. खटाव-माणच्या जिहे-कठापूर योजनेची १९९७ ची किंमत सुमारे २६९ कोटी होती, ती पुढे १३३० कोटींपर्यंत पोहोचली. टेंभूत वाढीव पाणी आणि आधी वंचित राहिलेली गावे नंतर आली, त्यामुळे ही सगळी वाढ दिरंगाईची आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जलसंपदा खात्याच्या सुधारित मान्यतेत वाढीची कारणमीमांसा रकान्यांत दिलेली असते : दरसूचीतील वाढ, भूसंपादन, संकल्पचित्रातील बदल, आणि ‘अपुऱ्या तरतुदी’. शेवटचा रकाना मला सर्वांत बोलका वाटतो. मूळ अंदाजपत्रक करतानाच जे धरायला हवे होते आणि धरले नाही, ते पुढे या नावाखाली मंजूर होते. आमच्या गल्लीतली नळवाहिनी ही त्याचीच घरगुती आवृत्ती. आधी कमी किमतीत मान्यता पदरात पाडून घ्यावी, कामाला हात घालावा, नंतर अर्धवट काम सोडता येत नाही म्हणून वाढीव रक्कम मिळतेच, हा हिशेब सगळ्यांना पाठ आहे. मुदतीचेही तेच. खंबाटकीचा नवा बोगदा मार्च २०२३ पर्यंत पूर्ण होणे अपेक्षित असल्याचे केंद्रीय मंत्र्यांनीच जाहीर केले होते. तो महिना आला आणि गेला, आणि घाटातली रांग होती तिथेच राहिली.

आता सेवेतील उणिवा. दुसऱ्या देयकाची मोजमाप पुस्तिका ‘लेखापरीक्षणासाठी दिली आहे’ या कारणाने दाखवली नाही. त्यासाठी वीस रुपयांच्या स्टँपवर पहिले अपील केले. अपील तीस दिवसांत, फार तर कारणे नोंदवून पंचेचाळीस दिवसांत, निकाली काढावे असे कायदा सांगतो. त्या काळात सुनावणीची नोटीसही आली नाही. पुढचा टप्पा राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे अपील, ते नव्वद दिवसांच्या आत करावे लागते. ते दाखल केले असून प्रलंबित आहे. रखडलेल्या कामाची चौकशी करणारी सेवा स्वतःच रखडावी, यात नवल वाटण्याचे दिवस गेले. अधिक गंभीर त्रुटी दुसरी आहे. कलम ४ नुसार कार्यालयांनी बरीचशी माहिती कोणी न मागता आपणहून प्रसिद्ध करायची आहे. मुदतवाढीचा आदेश आणि सुधारित मान्यतेची कारणे संकेतस्थळावर टाकली, तर माझ्यासारख्या निम्म्या अर्जदारांचे काम उरणार नाही आणि लिपिकाचाही वेळ वाचेल.

पाचपैकी तीन गुण देतो : किंमत आणि कर्मचाऱ्यांची वागणूक यांसाठी पूर्ण, मुदतीसाठी शून्याच्या जवळ. ज्यांच्या दारात असे काम रखडले असेल त्यांनी अर्ज जरूर करावा. दीडशे शब्दांत पुढील मागण्या आरामात बसतात : मूळ व सुधारित अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मुदतवाढीचे सर्व प्रस्ताव टिपणीसह, जादा बाबींची मंजुरी, आणि सर्व मोजमाप पुस्तिकांचे अवलोकन. दोषदायित्व कालावधी किती आणि तो केव्हा संपतो, हेही त्याच अर्जात मागावे; तो चालू असेपर्यंत उखडलेले काँक्रीट ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असते, आणि अपिलाला लागणारा वेळ पाहता अर्ज काम संपण्याची वाट न पाहता, पहिली मुदतवाढ मिळाल्याचे कळताच केलेला बरा.