पाण्यातली ट्रेडमिल भारी, स्टेम सेलपासून सावध!
आमच्या डॅशहुंड कुत्र्याची मणक्यातली चकती सरकली नि मागचे पाय गेले, ऑपरेशननंतर सर्जननी या फिजिओ सेंटरला पाठवलं. पाण्यातली ट्रेडमिल एक नंबर, कोमट पाणी पोटापर्यंत भरतात, ताई स्वतः आत उतरून उलटे पडणारे मागचे पंजे सरळ करून टेकवते, साहेब नाक वर करून चालतात. पण काउंटरवर 'स्टेम सेलचं (नव्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशींचं) इंजेक्शन घ्या, महिन्यात पळेल' म्हणून जे गळ्यात मारतात ना ते अजिबात पटलं नाही. अहो केंब्रिज विद्यापीठवाल्यांनी 2012 च्या ट्रायलमध्ये मज्जारज्जूला इजा झालेले 34 पाळीव कुत्रे घेतले, 23 जणांच्या मज्जारज्जूत त्यांच्याच नाकातल्या पेशी वाढवून सोडल्या, 11 ना नुसतं द्रव, मालकांनाही माहीत नाही कोणाला काय दिलं. पुढच्या-मागच्या पायांचा ताळमेळ सुधारला, पण मेंदूपर्यंतची लाइन काही जुळली नाही. ते एवढं जपून बोलतात आणि इथे डायरेक्ट गॅरंटी! कुठल्या पेशी, कुठून आणल्या विचारलं तर बिल पुढे सरकवतात. पार्किंगची बोंब आहेच. फिजिओला चार स्टार, इंजेक्शनला शून्य.