ऊस लागणीत पहिला पैसा कशाला: सरीतल्या स्फुरदाला की फवारणीच्या टॉनिकला?

सुरू उसाची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस लावायच्या उसाची, लागण तोंडावर आली की कृषी सेवा केंद्रात एक प्रकार हमखास दिसतो. फुटव्यांसाठी म्हणून जीएची (जिबरेलिक अ‍ॅसिड) पुडी आणि सिक्स-बीएची बाटली, ही वाढीची संप्रेरकं, टॉनिक म्हणून पिशवीत पडतात आणि बजेट बसवायला खताचं एक पोतं कमी होतं. मराठवाड्याच्या जमिनीत तरी हा हिशेब मला उलटा वाटतो.

कारण मातीत आहे. आपली काळी जमीन चुनखडीची, सामू बहुधा आठच्या वर. अशा मातीत स्फुरद (फॉस्फरस) कॅल्शियमला धरून बसतं आणि जागचं हलत नाही. उगवणीनंतरचे काही आठवडे ऊस टिपरीतल्या, म्हणजे लावलेल्या बेण्याच्या तुकड्यातल्या, साठ्यावर आणि टिपरीच्या मुळ्यांवर जगतो. कोंबाची स्वतःची मुळं नंतर येतात. त्या वेळी स्फुरद मुळाशी हवं. वरून फेकलेलं तिथवर पोचत नाही, म्हणून ते लागणीच्या वेळी सरीत, टिपरीखालीच पडलं पाहिजे. तिथं चुकलं तर फुटवे कमी आणि कोंब बारीक, मग कितीही फवारा.

सुरू उसाला एकरी 46 किलो स्फुरदाची शिफारस आहे. निम्मं लागणीला, निम्मं मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाला मातीची भर देताना. म्हणजे लागणीला 23 किलो: डीएपीचं एक पोतं, किंवा सिंगल सुपर फॉस्फेटची जवळपास तीन. डीएपी वाहायला सोपं, आणि त्यातून 9 किलो नत्रही मिळतं. सुपर फॉस्फेटला हमाली जास्त, युरिया वेगळा द्यावा लागतो, पण गंधक सोबत येतं. माझी पसंती सुपर फॉस्फेटला, तेही कुजलेल्या शेणखतात मिसळून. मातीशी थेट गाठ कमी पडली की अडकणंही कमी. सोबत स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची बेणेप्रक्रिया करा, स्वस्तातलं काम आहे.

आता संप्रेरकं. ती अन्न देत नाहीत, पिकाला नुसता सांगावा देतात. सिक्स-बीए सायटोकायनिन गटातलं, बाजूचे डोळे जागे करणारं. जीए मात्र पेशी लांबवतं, म्हणून त्याचं खरं काम कांड्या सुटल्यावर. फुटव्यांच्या वयात ते मारलं तर ऊस नुसता उंच दिसतो. एक ग्रॅम वीस लिटरला म्हणजे 50 पीपीएम (दहा लाख भागांत 50 भाग), त्यामुळे 'अंदाजे चिमूटभर' इथं चालत नाही. शिवाय पुडी थेट पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवावी लागते.

उत्तर भारतात एथ्रेल या इथिलीन सोडणाऱ्या औषधाच्या सौम्य द्रावणात बेणं भिजवून उगवण वाढवतात. आपल्याकडे मात्र नऊ-दहा महिन्यांचं रसरशीत बेणं निवडलं तर त्यावाचून फारसं अडत नाही.

आणि फुटव्यांचा एक बिनपैशाचा उपाय गावात आहेच. एक डोळा किंवा रोप लागणीत दोन-तीन फुटवे दिसले की जेठा (पहिला, मुख्य) कोंब काढायचा. शेंड्याकडून येणारं ऑक्सिन हे पिकाचं स्वतःचं संप्रेरक बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की तो दाब उठतो. बाटलीतलं सिक्स-बीए वेगळ्या वाटेनं तेच करू पाहतं.

माती परीक्षणात स्फुरद भरपूर निघालं, पाण्याची खात्री असली आणि तरी फुटवे रेंगाळले, तर सिक्स-बीए आधी दोन सऱ्यांवर मारून बघा आणि शेजारच्या दोन कोऱ्या ठेवा. दोन्हीकडचे फुटवे मोजून मग बाकीच्या शेताचं ठरवा.