पोटाचं क्लिनिक, इंदूर: डॉक्टर मस्त, रिसेप्शन बेकार

रोज पहाटे 3 ला पोटात कुरतडायचं, दोन बिस्किटं खाल्ली की शांत, आणि घरात सगळ्यांचं एकच, सराफ्यातले गराडू (रात्रीच्या खाऊगल्लीतला तळलेला मसालेदार कंद) बंद कर. केले बंद (इंदुरात, ऐन थंडीत!), फरक शून्य. शेवटी वहिनी म्हणाली म्हणून इथे गेलो.

अपॉइंटमेंट 9 ची, उपाशीपोटी या म्हणाले आणि नंबर लागला सव्वाअकराला, वर बाहेरच्या ठेल्यावरून पोह्यांचा वास येतोय, काय हाल झाले असतील विचार करा.

डॉक्टर मात्र एकदम छान, अजिबात घाई नाही. घशात कडवट स्प्रे मारला, घसा लाकडासारखा झाला, मग दुर्बीण, पाच-सात मिनिटांत काम झालं. जठर संपून लहान आतडं सुरू होतं तिथे, म्हणजे ड्युओडेनममध्ये अल्सर, आणि तपासणीत हेलिकोबॅक्टर पायलोरी निघाला. डॉक्टर म्हणाले तिखटाला उगाच बदनाम करतात, मुख्य कारणं दोनच, हा जंतू आणि पेनकिलर. बॅरी मार्शल नावाचा ऑस्ट्रेलियन डॉक्टर तर 1984 मध्ये हाच जंतू स्वतः प्यायला होता म्हणे, पुढे 2005 ला नोबेल!

14 दिवस अँटिबायोटिक्स, तोंड सतत कडू. नंतर 4 आठवड्यांनी जंतू गेला का बघायला ब्रेथ टेस्ट, तर त्याआधी 2 आठवडे अ‍ॅसिडची गोळी बंद ठेवायची असते हे रिसेप्शनवाल्या ताईंनी सांगितलंच नाही, फुकट चक्कर. दुसऱ्यांदा निगेटिव्ह आली. 5 पैकी 4 स्टार, एक त्या पोह्यांचा कापला.