अक्रोडाची मूठ आणि माझा हात: एअर पिस्तुलाच्या लाकडी ग्रिपचे दहा महिने

सप्टेंबर २०२४, घरात गणपती बसलेले. कुरिअरवाला एक खोका देऊन गेला आणि आईला वाटलं, मोदकाचे साचे आले. आत होती माझ्या पंजाच्या मापावरून परदेशातून करून घेतलेली अक्रोडाच्या लाकडाची पिस्तुलाची मूठ. नेमबाजीच्या रेंजवर आम्ही तिला ग्रिपच म्हणतो, म्हणून पुढे तसंच लिहितो. कस्टम ड्युटी धरून २७ हजार रुपये गेले. बायकोला आकडा दिवाळीनंतर सांगितला.

आता जुलै चालू आहे. दहा महिने आठवड्यातून चार दिवस ही ग्रिप हातात आहे, त्यामुळे लिहायला हरकत नाही. पहिले दोन महिने पैसे पाण्यात गेले असंच वाटत होतं, हे आधीच सांगून टाकतो.

मी नाशिकच्या सातपूरला टूलरूममध्ये (साचे, अवजारं बनतात तिथे) आहे. वय ४६. दहा मीटर एअर पिस्तूल पाच वर्षं मारतोय, तेही जिल्हा पातळीवर हौसेने. साठ शॉटला ६०० पैकी सरासरी ५४१. म्हणजे तुमच्याआमच्यातलाच. पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ब्राँझ मिळवलं त्या ऑगस्टात आमच्या रेंजवर नवीन पोरांची रांग लागली होती. नेमबाजीचे सुरुवातीचे धडे त्याने नाशिकातच घेतलेले, त्यामुळे इथे त्याचं कौतुक जरा जास्तच. त्याचा प्रकार रायफलचा, माझा पिस्तुलाचा, पण त्या वाऱ्यात मीही ऑर्डर देऊन टाकली.

ग्रिप बदलायची गरज का पडली? पिस्तुलाबरोबर आलेली मीडियम ग्रिप माझ्या तळव्याला बरोबर बसायची, पण बोटांना मोठी पडायची. माझा पंजा रुंद आणि बोटं आखूड. ट्रिगरपर्यंत बोट नीट पोचावं म्हणून मी नकळत अख्खा हात थोडा फिरवून धरायचो. शिकवणारे सर मागे उभे राहून रोज तेच सांगायचे, "हात फिरला." मी नीट करायचो आणि चौथ्या शॉटला पुन्हा तेच.

यात किती फरक पडतो ते एकदा कागदावर मांडलं. माझ्या पिस्तुलाच्या फोरसाइट (नळीच्या टोकाची माशी) आणि रिअर साइट (डोळ्याकडची खाच) यांच्यात साधारण ३२० मिलिमीटर अंतर आहे आणि टार्गेट १० मीटरवर. म्हणजे फोरसाइट खाचेत पाव मिलिमीटर सरकली की टार्गेटवर जवळजवळ ८ मिलिमीटरची चूक. एका रिंगेपासून पुढच्या रिंगेचं अंतरही ८ मिलिमीटरच. दहाची रिंग ११.५ मिलिमीटरची, शर्टाच्या बटणाएवढी. पाव मिलिमीटर म्हणजे झेरॉक्सचे तीन कागदही नाहीत! हात प्रत्येक वेळी लाकडावर त्याच जागी बसला नाही, तर ही चूक मनगटाने सुधारत बसावी लागते आणि साठ शॉट मनगट ते करत नाही.

माप देणं सोपं होतं. ग्राफ पेपरवर पंजा ठेवून पेन्सिलीने रेषा मारली, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून फोटो काढले आणि पाठवले. एक चूक केली ती इथेच. सकाळी थंड हाताने माप दिलं. मॅच ७५ मिनिटांची, त्याआधी १५ मिनिटं साइटिंगची, म्हणजे गुण न धरलेल्या सरावाच्या शॉटची, आणि चाळिसाव्या शॉटनंतर हात फुगतो. माप संध्याकाळी काम करून आल्यावर घ्या.

खोका उघडल्यावर मन हरखलं होतं. लाकूड मुरलेलं, रेषा लांब आणि सरळ, तळव्याकडच्या भागावर बारीक टोचे मारून खरखरीत केलेलं. पंचवटीतल्या आमच्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी नखाने दाबून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, "लाकूड चांगलंय साहेब. पण एवढ्याशा तुकड्याला २७ हजार? एवढ्यात मी तुम्हाला शिसवी कपाट दिलं असतं."

बसवायला घेतली तेव्हा पहिली कुरबूर. आधी पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर काढून बाजूला ठेवला, नळीत सेफ्टीची दोरी घातली, मग जुनी ग्रिप काढून नवी चढवली. बुडातला ॲलन स्क्रू पूर्ण आवळला तरी ग्रिप सांगाड्यावर किंचित डुलत होती. डोळ्याला दिसत नव्हतं, पण हाताला कळत होतं. आमच्या धंद्यात हे रोजचंच. सांगाड्याला प्रशियन ब्ल्यूचा (कुठे टेकतं ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा) पातळ हात दिला, ग्रिप चढवली, आवळली, पुन्हा काढली. निळा डाग लाकडावर तीनच ठिकाणी उमटला होता आणि मागच्या बाजूला काहीच नाही. तिथे पितळेची ०.०५ मिलिमीटरची शिम, म्हणजे फट भरायची पातळ पत्री, कापून घातली. एकीने भागेना, दुसरी घातली तेव्हा ग्रिप दगडासारखी बसली. बनवणाऱ्यांना मेल टाकला होता, तीन आठवड्यांनी उत्तर आलं की शिम घाला. तोवर माझी शिम घालून जुनी झाली होती. मापावर केलेल्या मालात ही ढिलाई नको होती, आणि ज्याच्याकडे शिम नाही त्याने काय करायचं?

मग हाताशी जुळवणं. यातच खरे महिने गेले. मापावर केलेली ग्रिप म्हणजे घालून चालायला लागायचं, असं मला वाटत होतं. तसं नाही. शिंप्याकडून कच्ची शिलाई घातलेला शर्ट यावा तशी ती येते.

दोन परीक्षा मी रोज करायचो. एक, पिस्तूल धरायचं, डोळे मिटायचे, हात उचलून टार्गेटच्या दिशेने आणायचा आणि डोळे उघडायचे. फोरसाइट खाचेच्या मधोमध दिसली पाहिजे. मला ती कायम उजवीकडे दिसायची. दुसरी, तर्जनी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सहज सरकली पाहिजे. बोट लाकडाला घासत असेल तर ट्रिगर ओढताना अख्खी ग्रिप ढकलली जाते. माझी पट्टी अडकत होती. तिथलं लाकूड गोल कानशीने काढलं. मिस्त्रींनी एकच सल्ला दिला होता, "उलट्या रेषेने घासू नका आणि एका दिवसात पोट भरू नका." म्हणून चार हात कानस, मग पॉलिश पेपर, मग आठवडाभर शूटिंग, आणि मग पुढचे चार हात. घाई केली की गेलेलं लाकूड परत येत नाही.

लाकूड कमी करायचं कुठे ते कानस सांगते, भरायचं कुठे ते हात सांगतो. तळव्याच्या मधल्या खळग्यात ग्रिप माझ्या हाताला लागतच नव्हती. तिथे एम-सील मळून लावलं, वर पातळ प्लास्टिक पसरलं आणि शूटिंगच्या पवित्र्यात उभा राहून ग्रिप धरली. धरलेला हात सोडायचा नाही. नेमका तेव्हाच गॅसवाला आला. मुलगी दार उघडायला गेली आणि बाबा हॉलमध्ये भिंतीकडे हात करून पुतळ्यासारखे उभे. सिलिंडरवाल्याने माझ्याकडे दोनदा पाहिलं.

खंडेनवमीचं सांगायलाच हवं. त्या दिवशी टूलरूममध्ये मशीनची पूजा असते आणि घरी आई सुरी, विळी, माझा पाना, सगळ्यांना हळदकुंकू लावते. ग्रिप टेबलावर होती, घासून कोरी केलेली, वर तेलाचा थेंब नाही. आईने ओलं कुंकू भक्तिभावाने मधोमध लावलं. कोरं लाकूड ओलावा पितं. पुसलं, घासलं, तरी अंगठ्याखाली गुलाबी ठिपका कायमचा राहिला. पॉलिश पेपर मारून काढता आला असता, पण तेवढं लाकूड काढलं तर अंगठ्याची जागा बिघडली असती. ठेवला. आता अंगठा बरोबर त्या ठिपक्यावर आला की हात जागेवर आहे असं समजतो.

त्यानंतर जवसाचं तेल. व्हार्निश लावू नका, घामाने हात निसटतो. पातळ थर, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसायचं, दोन दिवस वाळू द्यायचं, असे चार थर. आणि पुसलेल्या चिंध्या गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गुंडाळलेली चिंधी आपोआप पेटू शकते. पाण्यात बुडवा, नाहीतर पसरून वाळवा. शाळेत हे कुणी शिकवत नाही.

आता स्कोअर. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सरासरी ५४१ वरून ५२९ वर आली. पाच वर्षं हात फिरवून मारायची सवय, ती एका लाकडाच्या तुकड्याने कशी सुटणार? मनगटही दुखायला लागलं, कारण नव्या ग्रिपचा कोन जास्त कलता होता आणि पुढच्या हाताचे स्नायू वेगळ्या ठिकाणी ताणले जात होते. पंधरा दिवस शॉट निम्म्यावर आणले आणि नुसतं धरून उभं राहण्याचा सराव केला, तेव्हा दुखणं थांबलं. डिसेंबरला पुन्हा ५४० च्या आसपास. फेब्रुवारीपासून ५५० च्या वर. गेल्या महिन्यात सरासरी ५५३. बारा गुण वाढले, त्यातले ग्रिपचे किती आणि लाकूड घासता घासता ज्या हजार वेळा धरण्याकडे लक्ष दिलं त्याचे किती, हे मला वेगळं करता येत नाही. एका बाजूला सरकणारा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा शॉटांचा झुपका, मात्र गेला, ते श्रेय नक्की लाकडाचं.

जानेवारीत एका स्पर्धेत फजिती झाली. पिस्तूल तपासणीत त्यांच्याकडे ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरची पेटी असते, पिस्तूल त्यात बसलंच पाहिजे. वजन १५०० ग्रॅमच्या आत, ट्रिगर ओढायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागला पाहिजे. वजन, ट्रिगर दोन्ही पास. पेटीचं झाकण लागेना. मी उत्साहाने अंगठ्याच्या बाजूला लावलेलं एम-सील आणि पाम शेल्फची (हाताखालच्या टेकूपट्टीची) बाहेरची कड मिळून जाडी ५३ च्या वर गेली होती. रोज मायक्रोमीटर हाताळणारा माणूस, आणि स्वतःची ग्रिप मोजली नाही! बाहेर पायरीवर बसून एका पोराकडून उसना घेतलेल्या ८० नंबरच्या पेपरने साडेतीन मिलिमीटर उतरवले. माझा रिले, म्हणजे माझ्या तुकडीची पाळी, अर्ध्या तासावर, पँटवर सगळा लाकडाचा भुसा. त्या दिवशीचा स्कोअर विचारू नका. पाम शेल्फचा ग्रिपशी कोन ९० अंशांपेक्षा कमी चालत नाही आणि मनगट मोकळं दिसलं पाहिजे, हे नियमही वाढीव काम करण्याआधी वाचून घ्या.

पाम शेल्फबद्दल माझी मुख्य तक्रार आहे. हाताच्या खालच्या कडेला टेकणारी ही पट्टी दोन स्क्रूवर वरखाली होते, आणि स्क्रू थेट लाकडात. सातव्या महिन्यात एकाचे आटे गेले. पितळेचं बुश (छोटी नळी) ठोकून त्यात आटे पाडले, आता लोखंडासारखं आहे. एवढ्या किमतीत ते बुश आधीच असायला हवं होतं. आणि शेल्फ घट्ट आवळायचा मोह टाळा. घरी मस्त वाटतं, तिसाव्या शॉटला करंगळी बधिर होते. करंगळी जेमतेम सरकेल इतकी जागा ठेवली की मॅचच्या शेवटी ती बरोबर भरते.

हवेचा भाग मला आधी कुणी सांगितला नव्हता. एप्रिल-मेमध्ये नाशिकची कोरडी झळ लागली तेव्हा ग्रिप पुन्हा हलकीशी डुलायला लागली. लाकूड आकसलं होतं. तिसरी शिम घातली. मग पाऊस सुरू झाला, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं याच्या गप्पा रेंजवर सुरू झाल्या आणि ग्रिप चढेना. लाकूड फुगलं होतं. तिसरी शिम काढली. आता पिस्तुलाच्या पेटीत एक छोटी डबी आहे, त्यात दोन शिम आणि ॲलन की. जोर लावून ठोकू नका, कड तडकते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यापासून फरक जाणवतो. घामासाठी मे महिन्यात दर सिरीजनंतर, म्हणजे दहा शॉटनंतर, हात नॅपकिनला पुसतो.

कुणी घ्यावी? ज्याला पिस्तूल धरून वर्ष झालेलं नाही त्याने अजिबात नाही. हात अजून ठरलेला नसतो, त्यामुळे चुकीच्या पकडीचंच माप जाईल. त्याने आहे त्या ग्रिपवर एम-सील आणि कानस घेऊन बसावं, दीडशे रुपयांत अर्धं काम होतं. ज्याचा पंजा कंपनीच्या मापात बसतो त्यालाही गरज नाही. माझ्यासारखा अधलामधला हात असेल आणि आठ-दहा आठवडे घासायची तयारी असेल तर घ्या.

जुनी मीडियम ग्रिप आता मुलीच्या पिस्तुलावर आहे. ती १४ वर्षांची, तिचा पंजा अजून वाढतोय, म्हणून तिच्यासाठी ऑर्डर द्यायला मी तयार नाही. दर दोन महिन्यांनी ग्राफ पेपरवर तिच्या पंजाची रेषा काढतो, एकाच कागदावर, वेगळ्या रंगाने. जुलैची रेषा मे महिन्याच्या बाहेर तीन मिलिमीटर गेली आहे. काल म्हणाली, "बाबा, तुमचीच द्या ना, कुंकवाची." देऊन पाहिली. तिचा अंगठा ठिपक्याच्या बराच मागे राहतो.