शाळेच्या 'बाला' कामाचा वर्षभराचा अनुभव, आणि त्या सूर्यघड्याळाबद्दल जरा जास्तच

परवा शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगला दुसऱ्या टप्प्याचं कोटेशन आलं, त्यात परत 'सूर्यघड्याळ नूतनीकरण' असं लिहिलेलं बघून माझं डोकं फिरलं, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय. शाळा अक्कलकोट रोडच्या बाजूची, दक्षिण सोलापूर तालुक्यातली, जिल्हा परिषदेची मराठी शाळा. पोरगी दुसरीत आहे, मी समितीत पालक सदस्य आणि धंदा हार्डवेअर-पेंटचा. म्हणजे एका लिटरमध्ये किती भिंत होते हे मला कुणी शिकवायची गरज नाही, आणि ठेकेदाराची खरी अडचण तीच झालीय.

बाला म्हणजे 'बिल्डिंग ॲज लर्निंग एड', काय असतं ते इथं बहुतेकांना माहीत असेलच. दिल्लीच्या 'विन्यास'चे आर्किटेक्ट कबीर वाजपेयी यांनी युनिसेफच्या मदतीनं बसवलेली कल्पना, की शाळेची इमारतच शिकायचं साहित्य झाली पाहिजे, दार, खिडकी, पायरी, फरशी सगळं. त्यांच्या पुस्तकात दीडशेवर आयडिया आहेत. आमच्याकडे त्यातल्या मोजक्याच आल्या, त्या पण ठेकेदाराच्या मोबाइलमधल्या फोटोवरून. काम मे महिन्याच्या सुट्टीत झालं, थोडा निधी आणि बाकी लोकवर्गणी.

आधी पटकन निकालात काढायच्या गोष्टी. बाहेरच्या भिंतीवर आगगाडी रंगवलीय, वंदे भारत, पांढरी-निळी. सोलापूर म्हणजे रेल्वेचं डिव्हिजन, इथल्या पोरांना गाडी भिंतीवर कशाला दाखवायची राव, आणि त्यातून शिकायचं काय हे मला वर्षभरात कुणी सांगू शकलं नाही. फोटोला बरी दिसते, आणि एकूण बिलातला सगळ्यात मोठा आकडा तिचाच आहे. पंख्याच्या पात्यांना सात रंग दिले, फिरल्यावर पांढरं दिसतं म्हणे, आमच्याकडे मळकट राखाडी दिसतं, पण पोरं खूश आहेत, सोडून देऊ. दाराखाली फरशीवर कोनमापक काढलाय, कल्पना चांगली, दार उघडलं की किती अंश उघडलं ते दिसावं. आमच्या एका वर्गात दारामागं लोखंडी कपाट आहे त्यामुळं दार ७० च्या पुढं जातच नाही आणि दुसऱ्या वर्गात कोनमापकावर चपला काढतात. दिवाळीपर्यंत अंश पुसले गेले.

व्हरांड्यातला महाराष्ट्राचा नकाशा वेगळीच गंमत. पेंटरचा स्टेन्सिल जुना, त्यात पालघरच नाही, २०१४ मध्ये झालेला जिल्हा. आपल्या शेजारचं धाराशिव अजून उस्मानाबाद आहे. आणि नकाशाची वरची बाजू पश्चिमेकडं, कारण व्हरांडा तसा लांब पडतो. पोरं सोलापूरवरून पुण्यावर उडी मारतात आणि खरं पुणं उजव्या हाताला राहतं. जमिनीवरच्या नकाशाची उत्तर खऱ्या उत्तरेला असावी एवढं साधं कळू नये? भिंतीवर टांगलेल्या नकाशात चालतं, फरशीवर कसं चालेल, तिथं पोरगं स्वतः उभं असतं.

आता चांगलं. खालचा फळा. वर्गाच्या तीन भिंतींना जमिनीपासून पोरांच्या हाताला येईल एवढ्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा घोटून त्यावर फळ्याचा रंग. जूनमध्ये मला विचारलं असतं तर मी दोन स्टार दिले असते. खडूची धूळ, पोरांचे युनिफॉर्म पांढरे, रोज पुसायचं कुणी, आणि बायकोची कटकट वेगळी. आता मी म्हणतो एवढं एकच काम केलं असतं तरी पैसे वसूल होते. पाटी बाईंना दाखवायला रांग लावावी लागते, भिंतीवर लिहिलेलं बाईंना फिरता फिरता दिसतं, कोण कुठं अडकलंय ते लगेच कळतं. आमच्या वस्तीत बऱ्याच घरात आया विड्या वळतात, घरी तेलुगू नाहीतर कन्नड, मराठीत बोलायला पोरं बिचकतात. मी एकदा सहज खिडकीतून बघत होतो, पोरीच्याच वर्गातली एक मुलगी खाली मांडी घालून २५, ५०, ७५, १०० असं लिहीत चाललेली, थांबेचना, भिंत संपेपर्यंत. बाईंनी विचारलं कुणी शिकवलं तर म्हणे घरी कट्टे बांधते. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. दहाचा पाढा अडखळत म्हणणारी पोरगी हजारात चाळीस कट्टे हे बोटावर न मोजता सांगत होती. तोंडी विचारलं असतं तर तिच्याकडून यातलं काहीच बाहेर आलं नसतं. हे वहीत दिसत नाही, भिंतीवर दिसलं.

खिडकीची जाळी पण पाचपैकी चार. पट्टी वाकवून लाटा, गोल, तिरप्या रेघा केल्यात, पहिलीची पोरं अक्षराआधी बोट फिरवतात त्यावरून, एका जागी तर रंग जाऊन लोखंड चकचकीत झालंय. मोजायला मणी घातलेल्या तारा मात्र फेल. प्लास्टिकचे मणी, आपल्या उन्हात ते कितीसे टिकणार, मार्च उजाडेपर्यंत तडकून गेले. आता मी दुकानातले लोखंडी नट घातलेत तारेवर, आवाज जरा जास्त करतात पण फुटत नाहीत. फुकट दिलेत, हे कोटेशनवाल्यानं वाचावं.

तर सूर्यघड्याळ. झेंड्याचा खांब वीस फुटी, त्याच्या उत्तरेला अर्धा गोल, पिवळा ऑइल पेंट, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा आकडे, सगळे सारख्या अंतरावर. दिसायला झकास. जूनच्या मध्यात शाळा भरली, पोरं कौतुकानं बघायला गेली आणि सावली गोलात येईचना. दिवसभर नाही. सकाळी पश्चिमेला पण जरा दक्षिणेकडं कललेली, दुपारी खांबाच्या बुडाशी दक्षिणेला जेमतेम दोन फूट, संध्याकाळी पूर्वेला पण परत दक्षिणेकडंच. रंगवलेल्या अर्ध्या गोलात सावलीनं एकदासुद्धा पाय ठेवला नाही. ठेकेदाराला फोन लावला तर म्हणे ढगाळ असेल, ऊन नीट पडत नसेल. सोलापुरात ऊन नीट पडत नाही म्हणे!

कारण साधं आहे. सोलापूर १७.७ अक्षांशावर आहे आणि सूर्य जूनमध्ये साडेतेवीसपर्यंत वर सरकतो. म्हणजे साधारण १३ मे ते ३० जुलै दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडणार. दिल्ली २८.६ वर, तिथं असं कधीच होत नाही. फोटो तिकडच्या कुठल्यातरी शाळेचा उचललेला असणार आणि जसाच्या तसा आमच्या अंगणात उतरवला. डिसेंबरात तीच सावली उत्तरेला सतरा फुटांवर जाते, पार गोलाच्या बाहेर, कंपाउंडच्या दिशेनं. शिवाय उभ्या खांबाची सावली एकाच वेळेला दर महिन्यात वेगळ्या दिशेला पडते, त्यामुळं खांबाभोवती आकडे लिहून घड्याळ होतच नाही, ना दिल्लीत ना इथं. हे मी ठेकेदाराला समजावत होतो, तो म्हणाला साहेब आजपर्यंत एवढ्या शाळा केल्या, कुणी सावली बघितली नाही.

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय.

पण पुढं जे झालं त्यामुळं माझं मत अर्धं बदललं, तेही सांगतो. तिसरीच्या बाईंनी आकड्यांकडं दुर्लक्ष करून पोरांना खडू दिला आणि दर घंटेला सावलीच्या टोकाला खूण करायला लावली. खडू जातो म्हणून मी शिल्लक राहिलेला लाल रंग दिला, मग ऑक्टोबरला निळा, डिसेंबरला हिरवा. आता खांबाभोवती ठिपक्यांच्या तीन ओळी आहेत, एक खांबाच्या एका अंगाला वाकलेली, एक जवळपास सरळ, एक दुसऱ्या अंगाला लांब. पोरं पावलं टाकून मोजतात. जुलैच्या शेवटच्या दिवसांत, म्हणजे दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो तेव्हा, ढग होते, पण एक दिवस साडेबाराच्या सुमाराला दहा मिनिटं ऊन पडलं, सगळे पळत बाहेर, मी नेमका बिल घ्यायला गेलेलो. एका पोराच्या हातात माझ्याच दुकानातला अर्धा इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा होता, त्यानं तो जमिनीवर सरळ उभा धरला. सावली नाही. वाकून वरून आत बघितलं तर पाइपच्या तळाला फरशीवर उन्हाचा नखाएवढा गोल. मग प्रत्येकाला बघायचं होतं, आणि बघायला डोकं वर आणलं की ऊन अडायचं आणि गोल गायब, त्यावरून भांडणं. शेवटी बाईंनी सांगितलं पाइप जरा वर उचला आणि बाजूनं बघा. हेडसर म्हणाले घड्याळ बरोबर असतं तर एवढं झालं नसतं. पटलं मला. पण ठेकेदारानं पण ते ऐकलं, आणि तेच आता कोटेशनमध्ये 'विद्यार्थ्यांचा उत्तम प्रतिसाद' म्हणून आलंय, रक्कम साडेनऊ हजार, काम काय तर तोच अर्धा गोल नव्या रंगात.

म्हणून मी थोडा अभ्यास केला, ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी देतो. खांबाचा नाद सोडा. अंगणात मोकळ्या जागी एक ओटा आणि त्यावर लोखंडी पत्र्याचा उभा त्रिकोण, वेळ त्याच्या सावलीवरून बघायची. तिरप्या कडेचा कोन तुमच्या गावाच्या अक्षांशाएवढा पाहिजे, सोलापूरला १७.७. फॅब्रिकेटरला अंश सांगत बसू नका, पाया २२ इंच आणि उभी बाजू ७ इंच सांगा, कोन आपोआप येतो. उंच टोक उत्तरेला. उत्तर मोबाइलच्या कंपासवर ठरवू नका, जवळ लोखंड असलं की तो भरकटतो, खांबाची दिवसातली सगळ्यात आखूड सावली ज्या रेषेत पडते ती उत्तर-दक्षिण. असा त्रिकोण बारा महिने चालतो, जूनमध्येसुद्धा. आमच्याकडच्या वेल्डरनं कापून, पाय लावून, रेड ऑक्साइड मारून सहाशे सांगितले.

आकडे मात्र सारख्या अंतरावर काढू देऊ नका. आपल्या अक्षांशाला दुपारी बारा ते एकमध्ये साडेचार अंशाचं अंतर येतं आणि संध्याकाळी पाच ते सहामध्ये एकेचाळीस. पेंटर म्हणेल चुकलंय, ऐकायचं नाही. आणि हे घड्याळ मनगटावरच्या घड्याळाच्या मागंच राहणार. भारताची वेळ ८२.५ रेखांशावरून धरतात, सोलापूर ७५.९ वर, एका अंशाला चार मिनिटं म्हणजे सव्वीस मिनिटांचा फरक, त्यात ऋतूप्रमाणं कमीजास्त होतं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला फरक दहा मिनिटांवर येतो आणि फेब्रुवारीत चाळीसवर जातो. चौथीच्या एका पोरानं हे ऐकून विचारलं मग मधली सुट्टी सूर्याप्रमाणं का देत नाही. हेडसरांनी विषय बदलला.

कुणी म्हणेल एवढ्याशा घड्याळासाठी किती ते. अहो पण शाळेत काढलेली गोष्ट खरी असते असं पोरगं धरून चालतं. आगगाडी खोटी असली तरी कुणाचं नुकसान नाही, ती चालणार नाही हे पहिलीच्या पोराला पण कळतं. घड्याळ, नकाशा, कोनमापक हे खरे आहेत म्हणून काढलेत ना, मग ते तपासून घ्यायला बिल देण्याआधी कुणीतरी एकदा उन्हात उभं राहायला पाहिजे. बिलावर सही समितीची असते, आणि समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात कायद्यानं, म्हणजे बोलायला आपणच आहोत.

टिकाऊपणाचं बोलायचं तर फरशीवरचं रंगकाम वर्षही काढत नाही, पोरांचे पाय, झाडू आणि आपलं ऊन. कितीही भारी ऑइल पेंट आणा, मीच विकतो, मीच सांगतो. त्याच्याऐवजी शहाबादी फरशीत खाच मारून घ्या आणि खाचेत रंग भरा, रंग गेला तरी रेघ राहते आणि बोटाला पण लागते. गवंड्याची मजुरी जाते पण दरवर्षीचं रंगकाम वाचतं. लोखंड आणि गिलावा यातलं आमचं काहीही अजून दुरुस्तीला आलेलं नाही.

एकूण पाचपैकी साडेतीन, त्यातले दोन एकट्या खालच्या फळ्याचे. पुढच्या मीटिंगला माझं म्हणणं असं आहे की साडेनऊ हजारात उरलेल्या दोन वर्गांना खालचा फळा करायचा, व्हरांड्यातला नकाशा पालघर धरून उत्तरेकडं तोंड करून खाच मारून घ्यायचा, त्रिकोणाचे सहाशे मी देतो. आगगाडीला परत रंग लावायचा असेल तर ज्यांना फोटो काढायचेत त्यांनी वर्गणी काढावी. दुसऱ्या कुठल्या शाळेत सूर्यघड्याळ रंगवलेलं असेल तर जूनमध्ये दुपारी जाऊन सावली कुठं पडते बघा आणि इथं लिहा, आमच्या ठेकेदाराला दाखवायचंय.