टायगर माउंटन आणि डिस्कव्हर पास: वर्षभर वापरल्यानंतर

सिअ‍ॅटलकडच्या मंडळींना टायगर माउंटन स्टेट फॉरेस्ट माहीतच आहे, त्यामुळे कुठला ट्रेल किती मैल, चढ किती ते सांगत बसत नाही. मला बोलायचंय डिस्कव्हर पासबद्दल, म्हणजे वॉशिंग्टन राज्याच्या जमिनींवर गाडी लावायला लागतो त्या पासबद्दल. १ ऑक्टोबर २०२५ पासून वार्षिक पास ३० डॉलरचा ४५ झाला, थेट दीडपट! आणि एवढे मोजूनही शनिवारी जरा उशीर झाला की हाय पॉइंटच्या पार्किंगमध्ये गाडी लावायला जागा नाही, मग लांब रस्त्याकडेला लावा आणि पोरांना घेऊन चालत या. नॅशनल पार्कवाला पास इथे चालत नाही, जमीन राज्याची.

पण खरं खटकतं ते वेगळंच. पासच्या १०० डॉलरमधले ८४ जातात स्टेट पार्क्सना, ८ वन्यजीव खात्याला, आणि ज्यांच्या जंगलात आपण बूट झिजवतो त्या डीएनआरला (राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याला) उरतात ८. फक्त आठ! पावसाने वाहून गेलेल्या वाटा नीट करायला स्वयंसेवक फावडी घेऊन येतात, ते आहेत म्हणून ट्रेल टिकलेत.

टायगर माउंटनच्या पूर्वेकडे लाकूडतोड पहिल्यांदा बघितली तेव्हा तर डोकंच फिरलं, अख्खा उतार भादरलेला, मधेच चार-दोन उंच झाडं ठेवलेली, डिंकाचा वास आणि खाली ओंडक्यांनी भरलेला ट्रक. ह्यासाठी पास घ्यायचा? नंतर वाचलं आणि मत बदललं. १८८९ मध्ये वॉशिंग्टन राज्य झालं तेव्हा केंद्राने शाळांसाठी जमिनी दिल्या, अशा ट्रस्टच्या, म्हणजे ठराविक कामासाठी राज्याने सांभाळायच्या, जमिनीवरच्या लाकडाचा पैसा सरकारी शाळांच्या बांधकामाला जातो, काही जमिनींचा काउंटीला. तोडल्यावर तीन वर्षांत परत लागवड करायचा नियम आहे. परवा मुद्दाम जवळ जाऊन बघितलं, जुन्या खुंटाच्या आडोशाला गुडघ्याएवढं डग्लस फरचं रोप, शेंड्याला पोपटी मऊ सुया, आणि पुढे ओळीने अशीच. आपल्याकडे वनविकास महामंडळ सागवान लावतं-तोडतं, तसंच हे. पश्चिमेचा मोठा भाग राखीव आहे, तिथे तोड नाहीच. त्यामुळे तोडीवर माझा आता राग नाही, आठ टक्क्यांवर आहे आणि राहणार.

घ्यायचा की नाही? दिवसाचा पास १० डॉलर, म्हणजे आधी वार्षिक पास तिसऱ्या खेपेलाच वसूल व्हायचा, आता पाचवी लागते. तेवढं जाणार असाल तर वार्षिकच घ्या, त्यावर दोन गाड्यांचे नंबर लिहिता येतात, फक्त एका वेळी एकाच गाडीत लावायचा.