बायपासनंतर बाबांसाठी घेतलेला स्मार्ट वजनकाटा : काटा बरा, अॅप बिनडोक

स्टार तीन. काट्याला चार देईन, अॅपला दोनच, सरासरी तुम्हीच काढा.

बाबांची बायपास झाली, वय ६४, तीन ग्राफ्ट (म्हणजे तुंबलेल्या जागेला वळसा घालून जोडलेल्या नळ्या), एक छातीतली धमनी आणि दोन पायाच्या शिरा. डिस्चार्जच्या वेळी सिस्टरनी सांगितलं की रोज सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. घरात जुना सुईवाला काटा होता, तो आईचं वजन गेली दहा वर्षं ६० च दाखवतो, म्हणून हा ऑनलाइन मागवला, दीड हजारात. काचेचा, बुटका, त्यामुळे हाताचा जोर न लावता चढता येतं, आणि छातीचं हाड जुळेपर्यंत हातावर भार द्यायचा नसतो तेव्हा हे महत्त्वाचं आहे. आकडे मोठे, बाबांना चष्म्याशिवाय दिसतात. फक्त फरशीवरच ठेवा, सतरंजीवर ठेवला की काहीही दाखवतो, आणि ओल्या पायाने चढायचं नाही, घसरतं.

पैसे वसूल झाले ते घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यात. दोन दिवसांत १.८ किलो वाढलं. आई म्हणाली भूक लागायला लागली वाटतं, पण दोन दिवसांत एवढी चरबी चढत नाही हो, ते पाणी असतं. दोन्ही पावलं सुजलेली, बोट दाबलं की खळगा पडत होता. फोन केला, लगेच बोलावलं, लघवीच्या गोळीचा डोस वाढवला, चार दिवसांत उतरलं. आता गंमत बघा, त्या दिवसांत अॅप काय सांगत होतं तर मसल वाढले, फॅट कमी झालं! पायातून बारीकसा करंट सोडून हा काटा अंदाज बांधतो, अंगात पाणी जास्त असलं की करंट सहज जातो आणि त्याला वाटतं हे सगळं मसलच आहे. म्हणजे बायपासच्या पेशंटसाठी तो फॅटचा आकडा शून्य कामाचा. आणि पेसमेकर असेल तर असला करंटवाला काटा घेऊच नका, खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलंय, शेजारच्या काकांना मीच वाचून दाखवलं.

दुसरी चीड अशी की ऑपरेशनच्या आधी बाबा ७६ किलो, उंची १६८, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २७ च्या आसपास. सहा आठवड्यांनी ६९. अॅपने फटाके फोडले, अभिनंदन, तुम्ही नॉर्मल झालात! इकडे बाबांचे दंड काठीसारखे, खुर्चीतून उठताना पाय थरथरतात, जेवण म्हणजे वाटीभर मऊ भात. आम्हीही खूश होतो खरं तर, पण डायटिशियनने फॉलोअपला ती खुशी पार उतरवली, म्हणाली हे उतरलेलं वजन बरंचसं स्नायूंचं आहे, अंडी, डाळ, पनीर काय जमेल ते द्या.

मग डॉक्टरांना विचारलं की बारीक झालेलं चांगलंच ना. तर म्हणाले बायपासच्या पेशंट्सना वर्षानुवर्षं फॉलो केलेल्या बऱ्याच अभ्यासांत अगदी हडकुळ्यांचं जगणं सगळ्यात कमी निघतं, थोडं जास्त वजन असलेले नॉर्मलवाल्यांच्या बरोबरीनेच जगतात, काही ठिकाणी जास्तही. पण बीएमआय ३५ च्या वर गेलं की छातीच्या जखमेला इन्फेक्शनचा धोका वाढतो आणि पुढचं आयुष्यही घटतं. बाबा लगेच म्हणाले, मग वडे चालतील! नाही चालणार, कारण बारीक माणूस कित्येकदा आधीच्या आजाराने, किडनीने नाहीतर बिडीने बारीक झालेला असतो, आणि जाड माणसाचं ऑपरेशन पुष्कळदा कमी वयात होतं, तेव्हा त्या आकड्यांत बरंच मिसळलेलं असतं. शिवाय पायाच्या शिरांचे ग्राफ्ट दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास बंद पडतात म्हणे, छातीतली धमनी मात्र टिकते, त्यामुळे तेलकट बंद म्हणजे बंद.

आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन धरतात, अॅप मात्र २५ चं माप लावतं, बदलायची सोय नाही, कस्टमर केअरला मेल केला तर 'युवर फीडबॅक इज व्हॅल्युएबल' एवढंच आलं.

अॅप काढून टाकलं. आता वजन भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने, आणि महिन्यातून एकदा आईच्या शिवणाच्या टेपने पोटाचा घेर. बाबा ७१.५ वर आलेत, घेर ९४ सेंटीमीटर, तो ९० च्या खाली आणायचाय, वजनाला हात लावायचा नाही असं डायटिशियनचं म्हणणं. एवढंच करायचं असेल तर साधा डिजिटल काटा हजाराच्या आत मिळतो, तोच घ्या.